तेल घातलं होतं ना, मास्तर?

माझा आवाज जन्मजात मोठा. साताऱ्याला आमच्या घरात सगळेच मोठ्याने बोलतात, त्यामुळे तिथे कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढे म्हैसूरजवळ कडकोळच्या कारखान्यात मेंटेनन्सला लागलो, तिथे मशिनींच्या खडखडाटात असाच आवाज लागतो. पण माझी खरी खोड आवाजाची नाही. काही बिघडलं की माझ्या तोंडातून आधी 'कोणी केलं?' निघतं, 'काय झालं?' मागाहून. बायको म्हणते, यांच्या तोंडाला ब्रेक नाही, नुसता हॉर्न आहे. ती हे चारचौघांत म्हणते आणि लोक हसतात. मीही हसायचो. गेल्या दसऱ्यापासून हसू येत नाही.

आमच्या शेजारी मास्तर राहतात. हायस्कुलात केमिस्ट्री शिकवून निवृत्त झालेले. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या फौजेत होते आणि तेव्हापासून घरात मराठी टिकून आहे. म्हणजे वाक्य मराठीत सुरू होतं आणि कन्नडात उतरतं. माझी बायको तिला प्रेमाने, इथल्या सगळं कालवलेल्या भातावरून, बिसीबेळे मराठी म्हणते. आम्ही म्हैसूरात गोकुलमला नवीन राहायला आलो तेव्हा भिंतीपलीकडून आवाज आला, "तुम्ही मराठीच अल्वा? मग बाहेर का उभे?" एवढ्या ओळखीवर मास्तरांनी आम्हाला घरात घेतलं ते घेतलंच.

गेल्या वर्षी मास्तरांच्या स्कूटरची किल्ली मुलाने काढून घेतली. मुलगा वाईट नाही, उलट फार जपणारा आहे. मास्तरांकडून दोनदा गॅस चालू राहिला होता, आणि एकदा ते देवराज मार्केटला स्कूटरवर गेले आणि बसने घरी आले. स्कूटर तिथेच. त्यानंतर मुलगा घाबरला. किल्ली गेली, मग बँकेचं काम गेलं, मग गोळ्या सुनेने मोजून द्यायला सुरुवात केली. सून त्यांना 'मामा, तुम्ही बसा, मी करते' असं दिवसातून इतक्या वेळा म्हणायची की मलाच गुदमरल्यासारखं व्हायचं. मास्तर संध्याकाळी अंगणात उभ्या असलेल्या स्कूटरवरची धूळ पुसायचे.

त्यांच्या जिन्याखाली गोणपाटात गुंडाळलेली एक मोटार होती. होडीच्या मागे अडकवतात ती, वर इंजिन, खाली लांब पाय आणि पायाला पंखा. तरुणपणी मास्तर आणि त्यांचा एक मित्र दर रविवारी धरणाच्या बॅकवॉटरला मासे धरायला जायचे. होडी मित्राची, मोटार मास्तरांची, एका बोटिंग क्लबने मोडीत काढलेली. मित्र गेला, होडी कुजली, मोटार राहिली. सुनेने जिन्याखालची अडगळ काढायची ठरवली तेव्हा ती बाहेर आली, आणि भंगारवाला दारात उभा असताना मास्तर एकदम म्हणाले, "ही चालते."

मुलगा हसला. मी भिंतीवर हात टेकून बघत होतो, मीही हसलो. मास्तरांना ते लागलं असणार. ते मुलाला म्हणाले, "ही मोटार मी सुरू करून दाखवली तर किल्ली देशील?"

मुलगा म्हणाला, "अप्पा, दसऱ्यात आयुधपूजेच्या दिवशी सगळ्यांसमोर सुरू करा. देतो. देवाशपथ देतो."

"आणि मी आहे मदतीला!" हे मी ओरडलो. कोणी विचारलं नव्हतं.

अशी सुरुवात झाली. खरं सांगतो, त्या दोन-अडीच महिन्यांसारखे दिवस मला म्हैसूरात दुसरे मिळाले नाहीत. मी आठवडाभर कारखान्यात हुकूम सोडायचो आणि शनिवारी-रविवारी मास्तरांच्या अंगणात मांडी घालून बसायचो.

पहिला प्रश्न, ही बया आहे कोण? कंपनीचं नाव नाही. कवचावर क्लबवाल्यांनी निळा रंग फासलेला, त्यावर मास्तरांनी हिरवा. होडीला पकडणाऱ्या कंसावर एक पट्टी असते, तिच्यावर मॉडेल आणि नंबर असतात; इथे पट्टी गायब, नुसती रिव्हेटची दोन भोकं. मी फोटो काढून नेटवर जुन्या मोटारींच्या नादी लागलेल्या लोकांना पाठवले. कुणी एक वर्ष सांगितलं, कुणी दुसरं, आणि दोघं आपापसांत भांडायला लागले. शेवटी एका भल्या माणसाने लिहिलं की इंजिनाच्या अंगावर नाण्याएवढी एक पत्र्याची टिकली ठोकलेली असते, रंग खरवडून बघा. मास्तरांनी रॉकेलचा बोळा आणि जुना टूथब्रश घेऊन सबंध दुपार घालवली. आधी हिरवा निघाला, मग निळा, मग एक फिकट राखाडी, आणि त्याखाली आकडे. एक आकडा मला शून्य वाटत होता, मास्तरांना सहा. सहाच निघालं.

आकडे मिळाल्यावर सगळं पटापट उलगडलं. मोटार आमच्या दोघांच्या अंदाजापेक्षा जुनी होती, आणि त्यामुळे एक गोष्ट महत्त्वाची ठरली. या इंजिनाला वेगळं तेल नसतं, ते पेट्रोलातच कालवायचं. नव्या मोटारींना थोडं पुरतं. हिला चोविसाला एक, म्हणजे लिटरला बेचाळीस मिली. कमी पडलं तर आतला दट्ट्या कोरडा घासून जाम होतो. मास्तर खूश झाले. "हे माझं खातं," म्हणाले. शाळेतून निवृत्त होताना मुलांनी भेट दिलेला काचेचा मोजनळा त्यांनी कपाटातून काढला. तेल ओतताना गुडघ्यावर बसायचे, नळा टेबलावर ठेवायचे आणि डोळा तेलाच्या रेषेला आणून बघायचे. मी म्हणायचो, "अहो मास्तर, थोडं इकडेतिकडे चालतं." ते म्हणायचे, "तुम्हाला चालतं."

त्यांची काम करायची पद्धतही मास्तरकीचीच. निघालेला प्रत्येक भाग अंगणात फरशीवर ठेवायचा आणि त्याच्याभोवती खडूने रेघ ओढायची, ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने. अर्धं अंगण खडूने भरलेलं. सून बिचारी त्या रेघा चुकवून झाडायची. एकदा एक वायसर मिळेना. मी चढ्या आवाजात म्हटलं, "मास्तर, इथे होता, तुम्ही कुठे ठेवलात?" त्यांचा चेहरा लगेच उतरला. "असेल हो, माझंच काहीतरी झालं असेल," म्हणत ते गुडघ्यांवर अंगणभर फिरले. वायसर माझ्या खिशात निघाला. आम्ही दोघंही हसलो. म्हणजे मी हसलो आणि ते माझ्यासोबत हसले.

आम्ही कार्बोरेटर उकळवला, पॉइंट घासले, कॉइल बंगळुरूहून मागवली. खाली पायात एक रबरी चक्र असतं, ते पाणी वर ओढून इंजिनाला थंड ठेवतं. जुनं दगडासारखं झालं होतं. नंबर कळल्यामुळे त्याच मापाचं नवं मिळालं. ते बसवताना मीच मास्तरांना बजावलं, अगदी बोट नाचवत: "एक लक्षात ठेवा. हे रबर पाण्यावर जगतं. पाय पाण्यात असल्याशिवाय मोटार सुरू करायची नाही. एक मिनिटसुद्धा नाही." मास्तरांनी विद्यार्थ्यासारखी मान हलवली.

नवरात्र बसायच्या आधीच्या रविवारी निळ्या पिंपात पाणी भरून मोटार त्यात सोडली. मास्तरांनी दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली, शिंकल्यासारखी झाली. मग जी पेटली! पांढऱ्या धुराने गल्ली भरली, पिंपातलं पाणी उसळून माझी पँट भिजली, योगाच्या चटया खांद्याला लावून चाललेल्या दोन परदेशी बायका थांबून टाळ्या वाजवायला लागल्या. मास्तरांनी इंजिनातून बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली हात धरला. "कोमट आहे," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. घरात मुलगा नव्हता, सून देवळात गेली होती. पण त्याची फिकीर कोणाला होती? दहा-बारा दिवसांनी सगळ्यांसमोर पुन्हा हेच करायचं होतं.

आयुधपूजेला कारखान्यात सकाळी पूजा असते. लेथला, प्रेसला, फोर्कलिफ्टला शेवंतीच्या माळा, केळीचे खुंट, गंध-कुंकू. त्या वर्षी कोहळा फोडायचा मान मला होता. साहेब लोकांनी पाठ थोपटली, चुरमुऱ्यांच्या पुड्या हातात दिल्या, आणि मी घरी आलो तो जमिनीपासून वीतभर वरूनच.

मास्तरांचं अंगण पाहुण्यांनी भरलं होतं. मुलाचे सासू-सासरे, मास्तरांची बहीण, तिची माणसं. स्कूटर आणि गाडी धुऊन, माळा घालून उभ्या, चाकांखाली लिंबं. मधोमध लाकडी घोडीवर आमची मोटार, गंध लावलेली, गळ्यात शेवंती. तिच्याभोवती सुनेने मोठी रांगोळी काढली होती. पिंप कुठेच नव्हतं. त्यातलं पाणी तेलकट झालं होतं आणि वास मारत होतं, सुनेने ते ओतून टाकून पिंप गच्चीवर नेऊन ठेवलं होतं. सणाच्या दिवशी देवासमोर तसलं पिंप कोण ठेवील?

मास्तरांनी त्या सकाळी, मी कारखान्यात जायच्या आधी, पेट्रोल कालवलं ते माझ्या देखत. मी त्यांच्याशेजारी उभा होतो. गुडघ्यावर बसून, डोळा रेषेला लावून, बेचाळीस. नंतर बाटली हलवली, आणि हलवताना पुटपुटत आकडेही मोजले. हे मी पाहिलं. हे मला तेव्हा माहीत होतं आणि आत्ताही माहीत आहे.

पूजा झाली. मुलाने मोबाईल काढला. "चला अप्पा, दाखवा."

मास्तरांनी खाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "पाणी?" ते हळूच म्हणाले.

आता इथे मी काय म्हणायला हवं होतं ते शेंबडं पोरही सांगेल. पण वीस माणसं बघत होती, पिंप खाली आणून भरायला पंधरा मिनिटं गेली असती, रांगोळी मोडली असती, आणि मला त्या गर्दीसमोर माझी मोटार गर्जायला हवी होती. हो, माझी. त्या क्षणी ती माझी झाली होती. मी हात झटकून मोठ्याने म्हटलं, "अहो मास्तर, मिनिटभराने काही होत नाही! ओढा!"

त्यांनी ओढली. पहिल्या झटक्यात पेटली. अंगणात एकच आरोळी उठली. मुलाच्या तोंडावर असा आनंद मी कधी पाहिला नव्हता; व्हिडिओ काढता काढता तो "अप्पा! अप्पा!" करत होता. मास्तर बंद करायला हात पुढे करत होते. मी त्यांचा हात बाजूला केला, खटका फिरवला आणि वेग वाढवला. अजून वाढवला. पाहुण्यांनी कानावर हात ठेवले, मला तर आणखीच चेव आला. मिनिट केव्हाच उलटून गेलं होतं.

मग आवाज बदलला. किंचाळल्यासारखा झाला, आणि मोटार धाडकन थांबली. जळलेल्या रबराचा वास आला. मी दोरी धरून ओढली, ती हललीसुद्धा नाही. भिंत ओढावी तशी.

वीस तोंडं माझ्याकडे. आणि माझ्या तोंडातून, ब्रेक नसलेल्या माझ्या या तोंडातून, पाहुण्यांसकट सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात निघालं:

"तेल घातलं होतं ना, मास्तर?"

नुसता प्रश्न. मी त्यांच्यावर आळ घेतला नाही, असं मी नंतर कितीतरी दिवस स्वतःला समजावत होतो. मी फक्त विचारलं. पण ज्या घरात माणसाची गोळी मोजून दिली जाते तिथे असा प्रश्न पुरतो. सगळ्या माना माझ्यावरून मास्तरांकडे वळल्या. ती जी वळण्याची हालचाल झाली ना, ती मला हवीच होती. लाज वाटते, पण हवी होती.

मास्तरांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता 'हो' म्हणतील. त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. आणि मी बघत असताना त्यांच्या चेहऱ्यावरची खात्री विरत गेली.

"घातलं... असेल," ते म्हणाले. मग, "अय्यो, विसरलो काय की."

"अप्पा!" मुलगा म्हणाला. रागाने नव्हे. रागाने म्हणाला असता तर परवडलं असतं. सुनेने पुढे होऊन त्यांचा दंड धरला. "मामा, साकु आता, पुरे. चला, बसा आत." मास्तरांच्या बहिणीने पदर डोळ्यांना लावला. मी तिथेच उभा. एक शब्द बोललो असतो तर? 'मी बघितलंय त्यांना तेल घालताना.' इतकंच. माझा एवढा मोठा आवाज, त्या दिवशी नेमका बसला.

मोटार आणि उरलेल्या पेट्रोलची बाटली मी उचलून आमच्याकडे आणली आणि तीन-चार दिवस तिच्याकडे बघितलं नाही. मग उघडली. खाली पायात रबरी चक्राची जागा होती, चक्र नव्हतं. वितळलेला काळा गोळा होता. पाण्याशिवाय तापून वर दट्ट्या धरला होता. आतल्या भिंतींवर तेलाचा छान ओलावा. बाटलीत उरलेलं पेट्रोल काचेच्या ग्लासात ओतलं तर फिकट निळं, कारण तेलात रंग असतो. हे बघायला इंजिन खोलायचीही गरज नव्हती. बाटली उजेडात धरली असती तर त्या दिवशी अंगणातच कळलं असतं. मला बघायचं नव्हतं, म्हणून कळलं नाही.

बायकोला सांगितलं. तिने चपला घातल्या आणि म्हणाली, "चला. मी येते बरोबर."

मास्तरांकडे मुलगाही होता. मी ग्लास टेबलावर ठेवला, वितळलेला गोळा ठेवला, आणि सगळं सांगितलं. पाणी नव्हतं, मास्तरांनी विचारलं होतं, मी नको म्हटलं. तेल त्यांनी घातलं होतं, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. बोलताना माझे कान तापले होते.

मुलाने नीट ऐकून घेतलं. मग माझ्या हातावर हात ठेवला. "काका, तुम्ही त्यांच्यासाठी एवढं करता. पण खरंच, गरज नाही. मिनिटभराने काही होत नाही असं तुम्हीच म्हणाला होता, व्हिडिओत आहे. इंजिनियर तुम्ही आहात. आणि हे पेट्रोल काय, आज कालवलं तरी निळंच दिसणार."

"अरे, पण मी खोटं बोलत होतो!"

"काका," तो म्हणाला, "परवाच आम्ही डॉक्टरांना दाखवलं. अप्पांनी स्वतःच सांगितलं त्यांना, की तेल विसरलो."

मी मास्तरांकडे वळलो. जवळजवळ पाया पडायच्या बेताने म्हटलं, "मास्तर, आठवा. तुम्ही गुडघ्यावर बसला होता. बेचाळीस. तुम्ही बाटली हलवताना आकडे मोजलेत."

मास्तर हसले. वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या पण प्रामाणिक पोराकडे बघावं तसे. "बिडी हो," ते म्हणाले, जाऊ द्या. "मला स्पष्ट आठवतं. नळा भरला, तेवढ्यात पाहुणे आले, नळा तसाच राहिला. मला दिसतो तो, टेबलावर, भरलेला." मग वाकून त्यांनी माझा खांदा थोपटला. "तुम्ही माझ्यासाठी खोटं नका बोलू. घरात सगळे माझ्याशी गोड बोलतात आणि आतल्या खोलीत जाऊन खरं बोलतात. तुम्ही एकटे तोंडावर बोललात."

माझी बायको उठून बाहेर गेली. मी बसून राहिलो. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, तसं झालं. मी अजून दोनदा सांगून पाहिलं, एकदा मुलाला एकट्याला, एकदा सुनेला. दोघांनी माझे आभार मानले. स्कूटर संक्रांतीच्या आधी विकली गेली. मास्तरांनी तक्रार केली नाही, घेणाऱ्याला किक कशी मारायची तेही दाखवलं.

हल्ली ते प्रत्येक गोष्ट विचारतात. दार ओढलं का, नळ बंद केला का, आज जेवलो का. आधी असं नव्हतं. आधी ते अधूनमधून विसरायचे, आता त्यांना काहीच आठवल्याची खात्री नसते. वय आहे, म्हणतात सगळे. असेल. मला मात्र कुठल्या क्षणापासून ते दिसतं.

परवा सकाळी ते आमच्याकडे आले होते. बायकोने कॉफी ठेवली, साखरेचा डबा पुढे केला. मी मोबाईलमध्ये काहीतरी बघत होतो. चमचा ढवळल्याचा आवाज आला आणि थांबला.

"मी साखर घातली का हो?"

"घातली, मास्तर," बायको म्हणाली.

"तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगाल," ते तिला म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "हे सांगतील. हे खरं सांगतात. घातली का?"

मी बघितलंच नव्हतं.

"घातली," मी म्हटलं. त्यांनी समाधानाने मान हलवली आणि कप तोंडाला लावला.